फायलीत राहिलेला कागद

आमच्या घरात एक निळी फाईल आहे. विजेची बिलं, सोसायटीच्या पावत्या, गॅसचं पुस्तक, फ्रिजची केव्हाच संपलेली वॉरंटी असा सगळा संसार तिच्यात कोंबलेला असतो. २०१९च्या एप्रिलमध्ये दादाचे दिवस करून कराडहून परतल्यावर दुसऱ्याच कशासाठी तरी मी ती फाईल उपसली आणि तळाशी एक पिवळट कागद हाती आला. बँकेने २०११ साली आम्हा चाळिशीपुढच्या कर्मचाऱ्यांची तपासणी करवली होती, तिचा तो रिपोर्ट. उपाशीपोटी साखर १०८. आकड्याभोवती पेनाने गोल आणि शेजारी तिरप्या अक्षरात एकच शब्द : ‘बॉर्डरलाइन’.

तो शब्द वाचून त्या वेळी मला काय वाटलं होतं, ते स्वच्छ आठवतं. वाटलं होतं, सुटलो. बॉर्डर म्हणजे अजून आपण अलीकडे आहोत. संध्याकाळी घरी येताना अर्धा किलो जिलबीही आणली असेल, सांगता येत नाही. कागद फायलीत गेला आणि आठ वर्षं तिथेच राहिला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. हायस्कुलात गणित शिकवायचा. सडपातळ, सायकलवरून शाळेत जाणारा, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला. २००९च्या पावसाळ्यात नव्या चपलेने त्याची करंगळी घासली. हळद लावली, मग मलम लावलं, मग कुणीतरी सांगितलेला पाला बांधला. तीन आठवड्यांनी वहिनी त्याला जवळजवळ ओढतच दवाखान्यात घेऊन गेल्या, तेव्हा साखर निघाली ३४०. करंगळी गेली. पुढच्या वर्षी शेजारचं बोट गेलं. मग डोळ्यांना लेझर झालं. २०१७पासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस. २०१९च्या मार्चमध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी दादा गेला. ‘चपल लागली आणि साखर झाली’ असं आमच्या नात्यागोत्यात अजूनही सांगितलं जातं. साखर काही त्या चपलेने झालेली नव्हती. ती कित्येक वर्षं आधीपासून होती. चपलेने फक्त ती उघडकीला आणली.

आणि दादाचं हे सारं डोळ्यांसमोर घडत असताना, त्याच रक्ताचा मी १०८चा कागद फायलीत लावून मोकळा झालो होतो. हा लेख मी लिहितो आहे तो त्या अपराधी भावनेतून. तेव्हा वाचकांनी मला वैद्यकीय सल्लागार समजू नये. मी छत्तीस वर्षं बँकेत आकडे तपासले, एवढाच माझा अधिकार.

पण आकड्यांचं थोडंफार कळतं. बँकेत एखादं कर्ज बुडीत ठरतं, ते काही एका रात्रीत नाही. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं ‘एनपीए’. पूर्वी तोवर कुणी फारसं विचारत नसे. रिझर्व्ह बँकेने २०१४पासून मोठ्या कर्जांसाठी त्याआधीच्या पायऱ्या ठरवून दिल्या. हप्ता तीस दिवस थकला, साठ दिवस थकला की खात्यावर वेगळी खूण करायची आणि कर्जदाराला तेव्हाच गाठायचं. कारण त्या काळात बोलणं केलं तर खातं सावरण्याची आशा असते, नंतर नुसती वसुली उरते. रक्तातल्या साखरेचंही नेमकं असंच आहे, हे मला छप्पन्नाव्या वर्षी समजलं.

उपाशीपोटी साखर १००च्या आत असली तर ठीक. १२६ किंवा त्याहून जास्त, आणि तीही दोनदा तपासून आली, तर मधुमेह. मधल्या पट्टीला डॉक्टर मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात आणि आपण ‘बॉर्डरलाइन’ म्हणून सोडून देतो. (जागतिक आरोग्य संघटना ही पट्टी ११०पासून धरते. तिच्या हिशेबाने मी २०११ साली निर्दोष होतो. आकड्यांच्या सीमा माणसांनीच आखलेल्या असतात, शरीर त्या बघून चालत नाही.) दुसरी तपासणी म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात ती एचबीएवनसी. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. तेवढ्या काळात रक्तात जितकी साखर फिरेल, तितकी ती पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. किती टक्के हिमोग्लोबिनला चिकटली, ते मोजायचं. ५.७च्या खाली ठीक, ६.५ आणि वर मधुमेह, मधली पुन्हा तीच पट्टी.

या तपासणीची मला आवडलेली गोष्ट म्हणजे तिला फसवता येत नाही. आमच्या बँकेतली मंडळी वार्षिक तपासणीच्या आधी चार दिवस गोड बंद करायची. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करावा तसं. उपाशीपोटीचा आकडा बऱ्यापैकी येई आणि तपासणी आटोपताच समोरच्या हॉटेलात शिरा. जेवणानंतरच्या तपासणीचं तर विचारूच नका. त्या दिवशी नवरा एक पोळी आणि भाजी खाऊन उठतो, एरवी चार पोळ्या आणि वर भात. ती साखर त्याची नसतेच, कुणा दुसऱ्याच मिताहारी माणसाची असते.

दादाकडे पाहून मला आणखी एक कोडं पडायचं. हा एवढा बारीक माणूस, याला साखर झाली कशी? मधुमेह जाड्या माणसांना होतो, ही आपली समजूत. या कोड्याचं बरंचसं उत्तर आपल्या पुण्यातच शोधलं गेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांची आणि पुढे त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षं पाहणी केली. त्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहानखुरी, हातापायांनी काटकुळी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. स्नायू कमी, चरबी जास्त, असं बाळ. वरून बारीक आणि आतून जाड.

याच डॉ. याज्ञिकांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. शेजारी त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही अगदी सारखा : २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. कुठल्याही भाषणापेक्षा हा फोटो मला जास्त सांगून गेला. ‘माझं वजन बरोबर आहे’ या वाक्याचा आपल्याकडे काहीच उपयोग नाही. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटीमीटरवर आणि बायकांचा ८०वर गेला, की तपासून घ्यावं.

हे सगळं मधल्या पट्टीतल्या माणसाला उपयोगाचं कधी, तर त्या पट्टीतून मागे फिरता येत असेल तर. येतं का? इथे माझ्यातला कारकून पुरावा मागतो, आणि पुरावा भक्कम आहे. चीनमधल्या दाचिंग या शहरात १९८६ साली या पट्टीतल्या ५७७ माणसांना घेऊन पाहणी सुरू झाली. काहींना आहार सांगितला, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही आणि काहींना जसे आहेत तसेच राहू दिलं. सहा वर्षांत जसेच्या तसे राहिलेल्यांपैकी दोनतृतीयांश लोकांना मधुमेह झाला, बाकीच्या गटांत चाळीस ते सेहेचाळीस टक्क्यांना. तीस वर्षांनी पुन्हा हिशेब मांडला, तर ज्यांनी बदल केला होता त्यांचा मधुमेह सरासरी चार वर्षं लांबला होता आणि आयुष्य सुमारे दीड वर्षाने वाढलं होतं. अमेरिकेत २००२ साली असाच निष्कर्ष आला. वजन सात टक्क्यांनी उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं, एवढ्यावर मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं.

आता आपला अनुभव. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर असाच प्रयोग केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. काहीही न केलेल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहारविहार बदललेल्यांत ३९ टक्क्यांना. फायदा झाला, पण अमेरिकेइतका नाही. आणि तीन वर्षांत निम्म्याहून अधिक माणसं पट्टी ओलांडून पलीकडे गेली, हा वेग बघा. आपल्या माणसाला ‘बॉर्डर’वर फार काळ उभं राहायला मिळत नाही. रेटा मागून येतच असतो. या आकड्यांकडे ‘म्हणजे बदलूनही ३९ टक्क्यांना झालाच की’ असं म्हणूनही बघता येतं. माझे एक मित्र तसंच बघतात आणि पुढ्यातली बाकरवडी संपवतात. मी म्हणतो, शंभरातली सोळा माणसं वाचली आणि त्यांतला एक माझा दादा असू शकला असता.

हे लोण किती पसरलं आहे, तेही सांगून टाकतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले. एक लाख तेरा हजारांच्या आसपास माणसं प्रत्यक्ष तपासून काढलेला अंदाज असा, की देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्या मधल्या पट्टीत आहेत. मधुमेहात सगळ्यांत वर आपला शेजारी गोवा, २६.४ टक्के. आणि ‘हे शहरी लोकांचं दुखणं’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की मधल्या पट्टीतल्यांचं प्रमाण खेड्यात आणि शहरात जवळजवळ सारखंच निघालं.

असो. मी स्वतः काय केलं, ते सांगतो. कागद सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी जाऊन रक्त दिलं. साखर १२१, एचबीएवनसी ६.३. म्हणजे आठ वर्षांत मी बॉर्डरवरच होतो, पण पाठ भारताकडे करून. डॉक्टर समजूतदार होते. गोळी लगेच देत नाही म्हणाले, सहा महिने घ्या आणि घरात बघा काय करता येतं ते.

घरात बघितलं. आधी चहा. दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे. दहा चमचे म्हणजे चाळीसपन्नास ग्रॅम, म्हणजे महिन्याला सव्वा ते दीड किलो साखर मी एकटा नुसत्या चहातून पीत होतो. मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवावी असं सांगतात. मी त्याच्या जवळजवळ दुप्पट सकाळी उठल्यापासून ऑफिस सुटेपर्यंत संपवत होतो, आणि पेढाबर्फी अजून हिशेबात धरलेली नाही. साखर एका दिवसात सोडली नाही. दोनाची दीड, दीडाची एक, एकाची अर्धी, असे तीन महिने लागले. आज कुणी साखरेचा चहा दिला तर तो मला बासुंदीसारखा लागतो. गुळाचा चहा चालतो का, असं सगळे विचारतात. गूळही साखरच, रंगाने वेगळी. हे मी अमृततुल्यवाल्याला एकदा बोलून बसलो, तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही.

मग ताट. आपल्या मराठी ताटाचा क्रम बघा. सुरुवात वरणभाताने, मध्ये पोळी, शेवट दहीभाताने. डावीकडे चटणी आणि कोशिंबीर चमचाभर, शोभेला. उसळ वाटीत असते, पण वाटी केवढी? देवाला नैवेद्य दाखवायची. भारतीय माणसाच्या आहारातले सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, असं याच परिषदेच्या पाहणीतून २०२५ साली पुढे आलं. आमच्या घरचा हिशेब त्याहून चढाच निघाला असता. तेव्हा आम्ही वाट्या बदलल्या. मोठी वाटी उसळीला किंवा घट्ट वरणाला, लहान वाटीत भात, आणि कोशिंबीर ताटभर. जेवायला बसलं की आधी कोशिंबीर, मग उसळभाजी आणि पोळी, भात सगळ्यांत शेवटी. या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते, असं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. माझ्यापुरतं मी ते ग्लुकोमीटरवर पाहिलंही. आमच्या आत्यांना मात्र हे उलटं ताट म्हणजे अपशकुन वाटला.

ज्वारीची भाकरी खाल्ली की साखर होत नाही, हा आणखी एक गोड गैरसमज. भाकरी चांगलीच, पण तीही पिठाचीच असते. तीन भाकऱ्या म्हणजे तीनच भाकऱ्या. आणि एकादशी! साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा, वर रताळ्याचा कीस, शेवटी राजगिऱ्याचा लाडू. उपवासाच्या दिवशी आमच्या घरात साखर जितकी चढायची तितकी पुरणपोळीलाही चढत नसेल. आता एकादशीला भगर, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि ताक. विठोबाची काही तक्रार आलेली नाही.

२०१८च्या सुमाराला महाराष्ट्रात घराघरात दोन पक्ष पडले होते, ते आठवत असेल. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोनच वेळा, पंचावन्न मिनिटांत जेवण्याची पद्धत. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकरांची थोडं थोडं, ठरावीक वेळाने खाण्याची. लग्नाच्या पंगतीत व्याही व्याह्यांशी त्यावरून भांडले. मला त्या वादातली एक गोष्ट फार बरी वाटली. आपण काय खातो, किती वेळा खातो, याबद्दल मराठी माणूस पहिल्यांदाच इतक्या हिरिरीने बोलला. मी स्वतः कुठल्याच पक्षात गेलो नाही. फक्त चारच्या चहाबरोबरचं फरसाण बंद केलं.

चालणं हे त्यातलं सर्वांत सोपं, असं वाटलं होतं. तळजाईवर सकाळी जायला लागलो. तिथे मला कळलं की टेकडीवर चढणारी निम्मी मंडळी खाली उतरल्यावर वडापाव खातात आणि वर कमावलेलं खाली फेडतात. त्याहून उपयोगी पडली ती आपली जुनी शतपावली. जेवणानंतर मांडीपोटरीचे स्नायू हलले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, इतकं साधं ते यंत्र आहे. शंभर पावलं पुरत नाहीत, पंधरावीस मिनिटं तरी हवीत. पण ज्यांनी हा शब्द घडवला त्यांची दिशा बरोबर होती. आपल्या अंगात मुळात स्नायूच कमी, म्हणून चालण्याच्या जोडीला उठाबशा आणि बारा सूर्यनमस्कारही सुरू केले. पहिल्या आठवड्यात जिना उतरता येईना.

वर्षभरात वजन ७४वरून ६८वर आलं आणि एचबीएवनसी ५.८. मग आला २०२०चा लॉकडाऊन. टेकडी बंद, आणि रोज घरात केक, नानकटाई आणि डालगोना कॉफीचे प्रयोग. आकडा परत ६.१. आता ५.९च्या आसपास रेंगाळतो आहे. विजयाची कहाणी ही नव्हे. मधल्या पट्टीत उभा आहे, पण आता तोंड अलीकडे करून.

या साऱ्यात एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. कोशिंबीर कोण चिरत होतं? मटकीला मोड कोण आणत होतं? माझ्यासाठी वेगळी आमटी, मुलासाठी वेगळी भाजी, आत्यांसाठी नेहमीचं ताट असा तीनतेरा स्वयंपाक कोण रांधत होतं? ‘मी आहार बदलला’ असं मी ऐटीत सांगत फिरत होतो. बदलला होता तो हिने. आणि हिची स्वतःची तपासणी? तीस वर्षांच्या संसारात, बाळंतपण सोडलं तर एकदाही नाही. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, मला काय झालंय? दादाही हेच म्हणायचा.

तिचा एचबीएवनसी आला ६.२. मी घाबरलो. पण डॉक्टरांचं लक्ष दुसऱ्याच आकड्यावर गेलं. हिमोग्लोबिन ८.९. लोह कमी असलं की तांबड्या पेशी जास्त दिवस रक्तात राहतात आणि एचबीएवनसी खोटा चढा दिसू शकतो, असं त्यांनी समजावलं. आधी लोहाच्या गोळ्या दिल्या. पाचसहा महिन्यांनी हिमोग्लोबिन सुधारलं तेव्हा आकडा ५.६ आला. साखरेचं दुखणं नव्हतंच, होता तो पांडुरोग. घरातल्या सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाण्यातून आलेला. वर्षानुवर्षं ती जिना चढताना थांबायची आणि आम्ही ‘वय झालं’ म्हणून हसायचो.

म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं असं, की घरातली तपासणी बाईपासून सुरू करावी. ती करताना हिमोग्लोबिन आणि साखर एकत्र बघावी. ज्या बाईला गरोदरपणात साखर वाढली होती, तिला बाळंतपणानंतर ‘गेली साखर’ म्हणून सोडून देऊ नये, पुढे जन्मभर अधूनमधून तपासावं. माझ्या पुतणीला, म्हणजे दादाच्या मुलीला, २०२२ साली पाचव्या महिन्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देऊन दोन तासांनी रक्त घेतलं. आकडा १४०च्या वर गेला, म्हणून पुढचे महिने सांभाळले. बाळ उत्तम आहे. पण बाळाच्या बारशाला जमलेल्या बायकांनी तिच्या तोंडात पहिला घास कसला घातला? डिंकाच्या लाडवाचा.

या निमित्ताने तपासण्यांच्या बाजाराबद्दलही बोललं पाहिजे. सणासुदीला कपड्यांचे सेल लागतात तशा आता ‘ऐंशी तपासण्या निम्म्या किमतीत’ अशा जाहिराती येतात. मला बँकेतल्या माणसाला एक साधं गणित दिसतं. बहुतेक तपासण्यांची ‘योग्य’ मर्यादा ही धडधाकट माणसांपैकी ९५ टक्के तिच्यात बसतील अशी आखलेली असते. म्हणजे शंभर टक्के निरोगी माणसाने ऐंशी तपासण्या केल्या, तर चारएक आकडे नुसत्या योगायोगाने लाल शाईत यायचे. मग त्या चारांसाठी आणखी आठ तपासण्या, दोन स्कॅन आणि महिनाभराची झोप. तिशी ओलांडलेल्या सामान्य माणसाला रक्तदाब, कमरेचा घेर, साखर आणि एचबीएवनसी, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल एवढं पुष्कळ झालं. साखर किंवा रक्तदाब वाढलेला निघाला, तर क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं. दादाच्या मूत्रपिंडांची लघवीतून जाणारी ती सूचना वेळेवर कुणी वाचलीच नाही. सगळं ठीक असेल तर तीन वर्षांनी परत, मधल्या पट्टीत असाल तर दर वर्षी. आणि ‘मधुमेह मुळासकट’ घालवणाऱ्या भुकट्यांची जाहिरात दिसली तर पान उलटावं. डॉक्टरांची चालू गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नये, हे तर सांगायलाच नको.

पैशाचा प्रश्न खरा आहे. पण सरकारच्या कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाची रक्तदाबाची आणि साखरेची तपासणी उपकेंद्रात आणि आरोग्य केंद्रात विनामूल्य व्हायची तरतूद आहे. आशाताई त्यासाठी घरोघर अर्ज भरून घेतात. त्या दारात आल्या की ‘आम्हाला काही नाही हो’ म्हणून त्यांना परत पाठवणारी मंडळी मी पाहिली आहेत, शिकलेलीसुद्धा. पैशापेक्षा मोठी अडचण वेळेची आहे. आमच्या सोसायटीचा पहारेकरी बारा तास खुर्चीत बसतो, रात्रपाळीत पाच चहा आणि दोन बिस्किटपुड्यांवर जागतो. त्याला ‘रोज तासभर चाला आणि सात तास झोपा’ म्हणणं म्हणजे चेष्टा. मी त्याला एवढंच सांगू शकलो, की चहातली साखर कमी कर आणि तासाला एकदा इमारतीला फेरी मार. फेऱ्या तो मारतो. साखरेचं म्हणाल तर चहा टपरीवाला करतो, आणि टपरीवर एकच पातेलं असतं.

उरला आग्रह. पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी जिलबी टाकण्यात आपल्याला प्रेम दिसतं. ‘एकाने काय होतंय’ हे वाक्य मी स्वतः दादाला उच्चारलेलं आहे, २०१०च्या दिवाळीत, त्याची दोन बोटं गेल्यावर. त्याने माझ्या शब्दाखातर तो अनारसा खाल्ला. आता आमच्या घरात एक नियम आहे. ताटात वाढायचं ते मागितल्यावर. पाहुणे पहिल्यांदा गोंधळतात. एका भाच्याने तर बाहेर जाऊन सांगितलं, मामांकडे आता वाढत नाहीत.

दरसाल मार्चमध्ये दादाच्या वर्षश्राद्धाला आम्ही कराडला जातो. वहिनी खीर करतात, कारण ती त्याला आवडायची. यंदा पानं मांडल्यावर त्या खिरीची वाटी हातात घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. वाटी अर्धीच भरलेली होती.

‘‘भाऊजी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘यंदाचा कागद आणलात का? आधी तो दाखवा.’’

मी खिशातून घडी केलेला रिपोर्ट काढला. वहिनींनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला, मग वाटी पानाशेजारी ठेवली आणि विचारलं, ‘‘आणि हिचा कुठे आहे?’’